बुटांचं रीडिंग घेणारे काका

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या जिमच्या दाराशी गेलात, तर एक सडपातळ गृहस्थ दुसऱ्यांचे बूट उलटे करून बघताना दिसायचे. इस्त्रीचा फुल शर्ट पँटमध्ये खोचलेला, कानावर पेन्सिल आणि हातात कोणाचा तरी बूट. ते तो बूट ट्यूबलाइटखाली तिरका धरायचे, अंगठ्याने टाच चाचपायचे, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहायचे, मग बूट होता तसा ठेवून पुढचा उचलायचे.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं चोर आहे. चोर इतका निवांत नसतो हे लक्षात आल्यावर वाटलं वेडा आहे. दोन्ही अंदाज मी मनात ठेवले. मी बहुतेक गोष्टी मनातच ठेवते.

जिम मुलुंड पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. रस्त्यावरचे बूट आत चालत नाहीत, असा नियम. त्यामुळे जिमचे वेगळे बूट ठेवावे लागतात, आणि ते रोज पिशवीतून कोण आणणार, म्हणून बरेच जण दाराजवळच्या लोखंडी रॅकवरच ठेवून जातात. मीही ठेवायचे. म्हणजे मी सात वाजता उठून चहा पीत असायचे तेव्हा हे काका माझ्या बुटांचे तळ वाचत असायचे आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

ते वीज कंपनीतून मीटर रीडर म्हणून निवृत्त झाले होते. भांडुप, नाहूर, मुलुंड सगळं त्यांनी जिन्यांवरून पालथं घातलं होतं. हल्ली मीटर खाली एका खोलीत असतात, पण त्यांच्या काळात जुन्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर दाराशेजारी असायचे. बुटांचा एक जोड त्यांना आठ महिने पुरायचा. जुने जोड त्यांनी टाकले नव्हते. घराच्या गॅलरीत ओळीने ठेवले होते, प्रत्येकाच्या आत पेन्सिलीने महिना आणि वर्ष. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, कुंडी ठेवायला तिथे जागा नव्हती. एकदा काकू जिमच्या खाली भाजी घेताना भेटल्या तेव्हा म्हणाल्या, लोकांच्या घरात देवांचे फोटो असतात, आमच्या घरात जुन्या बुटांचे जोड.

कोणाला नाव, नोकरी, लग्न असलं काही ते विचारायचे नाहीत. हे मला फार आवडायचं. ते एवढंच विचारायचे की कुठली बिल्डिंग. मी सांगितली तशी त्यांच्या मालवणीत म्हणाले, "चार मजले, अडुसष्ट पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर शिरताना शेवटची पायरी बोटभर उंच आसा."

मी इंग्लिश मीडियमची. अडुसष्ट म्हणजे नक्की किती ते मला फोनवर बघावं लागलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मोजत चढले. सिक्स्टी एट. आणि तिसऱ्या मजल्याची ती पायरी खरंच उंच होती. वीस वर्षं मी तिथे अडखळत होते आणि मनातल्या मनात स्वतःला धांदरट म्हणत होते. मी तिथे उभी राहून एकटीच हसले. शेजारच्या आजी दार उघडून बघून गेल्या.

आता मी जिमला का जात होते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मला हिमालयात जायचं होतं. गिर्यारोहणाचा महिनाभराचा कोर्स, मे महिन्यात. मुलुंडमधला एक क्लब दरवर्षी दहाबारा जणांना घेऊन जातो, पण आधी त्यांची चाचणी असते. पाच किलोमीटर, बत्तीस मिनिटांच्या आत. डिसेंबरमध्ये मला चौतीस मिनिटं आणि वर पन्नास सेकंद लागले होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दुसरी आणि शेवटची संधी होती. ती गेली की वर्ष गेलं. कॉलेज, नोकरी, केसांची लांबी, सगळं मी कोणाला तरी विचारून केलं होतं. हे एकच मी कोणाला न विचारता मागितलं होतं. कोर्सची फी भरायला नोकरीतली सगळी शिल्लक बाजूला काढली होती, त्यामुळे बुटांना दोन हजारांच्या वर जाता येणार नव्हतं.

आणि माझ्या नडग्या दुखत होत्या. ट्रेडमिलवर दहा मिनिटं झाली की दोन्ही पायांच्या पुढच्या हाडात कळ यायची. आमचा ट्रेनर म्हणायचा, "मॅडम, पायात नऊ हजाराचा बूट नसेल तर दुखणारच ना." त्याच्या ओळखीचं दुकान होतं. मी हो हो म्हणून मान हलवायचे आणि बर्फ लावायचे.

जानेवारीत एक दिवस मी लवकर गेले, तेव्हा काका रॅकपाशी होते. हातात माझाच बूट. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "डाव्या टाचेवाली ती तूच काय गो?"

कोणीतरी माझी डायरी उघडून बसल्यासारखं वाटलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी वही उघडून दाखवली. त्यात पाच आठवड्यांची माझी नोंद होती. नाव नाही, 'डावी टाच, मुलगी' एवढंच, आणि खाली दर सोमवारचे बारीक आकडे. डाव्याची झीज बाहेरून, उजव्याची कमी. डाव्या पायाचा खप जास्त आहे, ते म्हणाले, तू सगळा भार तिकडे टाकतेस. मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं. टाचेला कडक, मधे न वाकणारा, पुढे बोटांपाशी वाकणारा. बाहेरच्या कडेला रबर जाड. वजन उचलायला सपाट तळाचा बूट बरा, पण एकच जोड परवडणार असेल तर धावण्याचाच घे. रंग कुठलाही.

मी रविवारी गेले आणि घेऊन आले. पाच मिनिटांत. दुकानातला माणूस समोर स्टुलावर बसून आपला पाय हातात घेतो हे मला लहानपणापासून सहन होत नाही. मी चिठ्ठी वाचून दाखवली, सात नंबर म्हटलं, पैसे दिले, बाहेर पडले. राखाडी रंगाचे, अठराशेचे. चिठ्ठीतलं सगळं त्यांत होतं.

दुखणं वाढलं. दहा मिनिटांऐवजी आता सहाव्या मिनिटाला कळ यायची, आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मी काकांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. कोणाला काही सांगायचं म्हटलं की मी ते पुढच्या आठवड्यावर ढकलते, म्हणून. जानेवारीपासून मी सहाला जात होते, ती पुन्हा साडेसातला जायला लागले, म्हणजे ते घरी गेलेले असत.

पण बूट रॅकवरच होते ना.

चाचणीला तीन आठवडे उरले होते. मी ट्रेडमिलवर होते, दात आवळून, आणि समोर आरशात पाहिलं तर काका मागे उभे. साडेसातला. ते माझी वाट बघत दीड तास बसून होते. हाताने थांबव म्हणून खूण केली. मी बंद केलं.

"पुढच्या खोलीत कोणी राहत नाय," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी मला बूट काढायला लावला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. टाच झिजली होती, मधला भाग झिजला होता, पण पुढे बोटांखालची नक्षी दुकानातून आणल्यासारखी कोरी. त्यावर कंपनीचा छापसुद्धा तसाच होता. महिना झाला, ते सांगत होते, पुढचं मीटर फिरलंच नाही. दार बंद असलं की आम्ही वहीत 'डोअर लॉक्ड' लिहायचो आणि कंपनी अंदाजाने बिल पाठवायची. "तुका मी अंदाजाने बिल पाठवलंय. मोजे काढ बघू."

जिममध्ये त्या वेळी सातआठ जण तरी होते. दोघांनी हेडफोन काढले. ट्रेनर हसत म्हणाला, "काका, आता पायाला पण हात लावणार का?" मी मोजे काढले नाहीत. बूट पिशवीत कोंबले आणि घरी निघून गेले.

घरी बाथरूमचं दार लावून मी माझे पाय पाहिले. असे नीट मी ते कधी पाहिले नव्हते. बोटं आत वळलेली होती, सगळी, काहीतरी घट्ट पकडून ठेवल्यासारखी. मी ती सरळ करायचा प्रयत्न केला तर पोटरीपर्यंत ओढ बसली.

दुसऱ्या दिवशी मी सहाला गेले. काका नेहमीसारखे रॅकपाशी. काल काही झालंच नाही अशा चेहऱ्याने त्यांनी बगलेतलं वर्तमानपत्र काढलं, जिन्याच्या चौकात अंथरलं आणि दोन पावलं मागे झाले. खाली फरसाणवाल्याने कढई चढवली होती, वर कोणी नव्हतं. मी मोजे काढून कागदावर उभी राहिले. भार पूर्ण टाक, ते म्हणाले, दोन्ही पायांवर. त्यांनी पायाला हात लावला नाही. पेन्सिल उभी धरून नुसती कडेने फिरवली.

मग माझ्या बुटातला आतला तळवा ओढून काढला आणि त्या आकृतीवर ठेवला. पुढे जवळजवळ दीड बोट तळवा शिल्लक राहिला.

काकांनी उरलेला भाग बोटाने मोजला आणि आकृतीच्या मधोमध सहा लिहिलं.

"सात तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, आईने.

तेव्हा ते मला पहिल्यांदाच असं सुसंगत आठवलं. दर जूनमध्ये आई मला स्टेशनजवळच्या दुकानात न्यायची. काळे शाळेचे आणि पीटीचे पांढरे. बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायची, आणि दुकानदाराला सांगायची की एक नंबर मोठा द्या, वाढतं अंग आहे, दोन वर्षं जायला हवेत. पुढे कापसाचा बोळा. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या बुटांत कापूस असायचा, कोणाच्या वर्तमानपत्र. नववीत माझा पाय वाढायचा थांबला असणार. आईचा नंबर थांबला नाही. दहावीत सात झाला आणि मग कॉलेजला मी स्वतः जाऊनही सातच मागत राहिले. कापूस मात्र तोपर्यंत बंद झाला होता. त्याच्याऐवजी मी बोटांनी बूट धरून चालत होते. सात वर्षं. धावताना तर जास्तच घट्ट.

काकांनी वही काढली. माझ्या पानावर एक तिरकी रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली लिहिलं, रीडिंग चुकलं. त्यांच्या नोकरीत एकदाही त्यांच्या रीडिंगवर तक्रार आली नव्हती, हे ते सगळ्यांना सांगायचे. आम्हाला ते पाठ झालं होतं.

"मी तळ बघत राहिलंय," ते म्हणाले. "पाय बघूकच नाय. इतकी वर्षं जिने चढलंय, अक्कल खालीच ऱ्हवली."

मला वाटलं ते आता खचणार. पण वही मिटेपर्यंतच ते खचले होते. पेन्सिल कानावर गेली आणि त्यांचे डोळे चमकायला लागले. आज संध्याकाळी साडेसातला घाटकोपर, ते म्हणाले. सकाळी का नाही, मी विचारलं. कारण सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर चालून सुजला की खरं बोलतो. येताना धावायचे मोजे आण, हे पातळ नको.

घरी मी आईला सांगितलं की माझा नंबर सात नाही, सहा आहे. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, "अगं, पण तू कधी बोलली नाहीस की सैल होतात." मी बोलले नव्हते, हे खरं होतं. तिने पीठ भरल्या हाताने माझ्या पायाकडे बोट दाखवून चल दाखव म्हटलं. मी दाखवलं. ती नखाकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली की सात वर्षं म्हणजे फारच झालं गं.

घाटकोपरचं दुकान एका इमारतीच्या पोटमाळ्यावर होतं. मागच्या वर्षीचा, न खपलेला माल तिथे यायचा. शेठ गल्ल्यावर बसले होते. काकांना बघताच म्हणाले, "आले इन्स्पेक्टर. काय काका, आज घेणार काय, की सगळे उलटे करून जाणार?"

"आज गिऱ्हाईक आणलाय," काका म्हणाले, आणि मला पुढे केलं.

शेठनी लगेच गुलाबी डबा काढला. लेडीज आहे ना, पिंक दाखवतो. काकांनी तो डबा उघडलाच नाही. त्यांनी स्वतः खोके उतरवायला घेतले. मधोमध वाकला की बाद. टॉवेल पिळतात तसा पिळून बघायचा, सहज पिळला गेला की बाद. टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबायची, चेपली की बाद. उरले ते माझ्या पुढ्यात. स्टूल घेऊन पुढे आलेल्या दुकानातल्या माणसाला त्यांनी लांब बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, तुझे बूट तूच घाल, नाडी तूच बांध. मग मी उभी राहिले की विचारायचे, टाच वर येते का, पुढे अंगठा मावेल एवढी जागा आहे का, अंगठा माझा नव्हे, तुझा. दोन बोटं जागा असं आई म्हणायची, मी म्हटलं. दोन बोटांत भाडेकरू ठेवता येईल, ते म्हणाले.

मधे काकूंचा फोन आला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. कोणाच्या पायाशी बसलात आता. काका म्हणाले, आपल्या डाव्या टाचेच्या. काकू म्हणाल्या, बरं, तिला जेवायला घेऊन या.

सातव्या की आठव्या खोक्यातून तो जोड निघाला. केशरी. जिलबीचा असतो तसा, अंधारातही दिसेल असा केशरी, आणि त्याला पोपटी नाड्या. अख्ख्या मुंबईत तो कोणी घेतला नव्हता आणि का घेतला नव्हता ते कळत होतं. मी आयुष्यभर काळा, राखाडी आणि नेव्ही ब्लू या तीन रंगांत राहिले आहे. मी हळूच विचारलं, हाच काळ्यात आहे का.

शेठ म्हणाले, काळा ह्या वर्षीचा, साडेतीन हजार. हा सोळाशे. राखाडी जोडानंतर या महिन्याच्या पगारातून माझ्याकडे तेवढेच निघणार होते.

"रंगाला धावायचंय काय?" काका म्हणाले. "तू घाल."

मी घातला, नाडी बांधली, उभी राहिले. हे कसं सांगू. जिथे माझा पाय संपत होता तिथेच बूट संपत होता. माझी बोटं आपोआप उघडली, एकेक, आणि त्यांना काही धरायचं उरलं नाही. मी दोन पावलं टाकली. मग दुकानाच्या टोकापर्यंत गेले. काका म्हणाले, इथे नाय, बाहेरच्या जिन्यावर. तीन मजले वर जा आणि खाली ये. शेठ म्हणाले, "ओ काका, बूट घेऊन पळाली तर?"

"तिला पळता आलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

मी तीन मजले चढले. उतरताना दोन दोन पायऱ्या उतरले. खाली आले ते थांबलेच नाही, फुटपाथवर, भेळवाल्याच्या गाडीला वळसा घालून सिग्नलपर्यंत आणि परत, जीन्समध्ये, खांद्यावर ऑफिसची बॅग. लोक बघत होते. मी हसत होते आणि ते मला आवरत नव्हतं. परत आले तेव्हा शेठ दारात उभे होते, खरंच जरा काळजीत, आणि काका त्यांच्या मागे हाताची घडी घालून.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये ट्रेनर म्हणाला, मॅडम, उद्यापासून गॉगल लावून येतो. मी म्हटलं, लावा. इतकंच. पण हे एवढंसुद्धा मी पूर्वी म्हटलं नसतं.

काकांनी चार दिवस मला धावू दिलं नाही. नुसतं चालायचं, चढ लावून, बोटं पसरून. आधी पायाला कळू दे की घर बदललंय. पाचव्या दिवसापासून धावणं. सहाव्या मिनिटाला मी कळ यायची वाट बघत होते. आली नाही. दहाव्यालाही नाही. ते शेजारच्या ट्रेडमिलवर सगळ्यात तीव्र चढ लावून, दांडीला हात न लावता, इस्त्रीच्या शर्टात चालत असायचे आणि माझी वेळ मराठीत पुकारायचे. तेहतीस चाळीस. तेहतीस पाच. बत्तीस पंचेचाळीस. मी धावता धावता त्यांचं इंग्लिश करत बसायचे. शेवटच्या गुरुवारी बत्तीस दहा. दहा सेकंद जास्त. त्यानंतर त्यांनी मला पळायची बंदी केली. रविवारपर्यंत पाय वर करून पड, ते म्हणाले. दहा सेकंदांचं काय, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

हल्ली ते मुंबईत नसतात. सावंतवाडीजवळच्या गावी घर दुरुस्त करून दोघं तिकडेच राहतात. गॅलरीतले सगळे जोड टेम्पोतून गेले, काकू म्हणाल्या, भांड्यांच्या आधी. जिमच्या रॅकवरचे बूट आता कोणी उलटे करत नाही. ट्रेनरच एकदा म्हणाला की सकाळी कसं ओकंओकं वाटतं.

त्या रविवारी चाचणी मुलुंड पूर्वेच्या एका मैदानावर होती. साडेबारा फेऱ्या. आम्ही एकोणीस जण, क्लबचे सर हातात घड्याळ घेऊन रेषेवर. आई आली नव्हती, मीच येऊ नको म्हटलं होतं. कोणी बघत असलं की मला श्वास पुरत नाही. काकांना मी बोलावलं नव्हतं, पण येऊ नका म्हणायचंही सुचलं नव्हतं. ते पलीकडच्या वळणावर, चुन्याच्या रेघेबाहेर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी जवळून गेले की बाकीचे लोक बघतात तसे तोंडाकडे बघायचे नाहीत, खाली वाकून पायांकडे बघायचे. त्यामुळे मला ते चाललं.

पहिल्या पाच फेऱ्या मी फार जोरात गेले. सातव्या फेरीला छातीत टोचायला लागलं, पाय मात्र हलके होते. नडगी शांत. आठ, नऊ. पुढे एक उंच मुलगा होता, त्याच्या पाठीवरच्या घामाच्या डागावर नजर ठेवून मी दहावी आणि अकरावी काढली. बारावी संपवून रेषेवर आले, आता फक्त अर्धी फेरी उरली होती, तेव्हा सर ओरडले की तीस पन्नास.

मी हिशेब केला. बत्तीसला सत्तर सेकंद. आणि गेल्या दोन फेऱ्यांत अर्ध्या फेरीला मला पंचाहत्तरच्या वर लागत होते. पाच सेकंद कुठून आणायचे ते मला कळेना. डोळ्यांपुढे मैदान जरा पिवळं झालं. अर्धी फेरी संपायची रेघ काकांच्या वळणाच्या पलीकडे आखली होती, आणि मी वळणाकडे येत होते. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू, आणि माझा वेग एका पावलाने कमी झाला.

काकांनी ते पाऊल पाहिलं. ते पायांकडेच बघत होते ना.

ते सरळ झाले, पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून किंचित वर ओढली, आणि रेघेच्या बाहेरून धावायला लागले. माझ्या बाजूने, दोन हात अंतरावर. जिना चढल्यासारखे गुडघे वर घेत, एक हात शर्टाच्या खिशावर दाबून. मी मान वळवली तर म्हणाले, "माझ्याकडे बघू नको गो. मी येतंय. तू जा."

मी गेले. काय झालं ते मला सांगता येणार नाही, फक्त एवढं आठवतं की कानात त्यांच्या बुटांचा आवाज होता आणि मग तो मागे पडत गेला. उंच मुलगा बाजूला गेला, किंवा मी गेले. रेघ पायाखालून गेली आणि क्लबच्या तिथे उभ्या असलेल्या ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, एकतीस छप्पन्न, झालं, नाव लिहिलं तुझं.

मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. मग वळून पाहिलं. काका अजून वळणावरच होते. चेहरा लाल, शर्ट बाहेर निघालेला, गुडघे तसेच वर, आणि अजून धावत होते.

मी मागे फिरून त्यांच्याकडे पळाले. मोठ्याने ओरडत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. काका, झालं, थांबा, झालं माझं.

ते थांबले नाहीत. "तुजा झाला," त्यांनी धापा टाकत सांगितलं, "माजा अजून खय झाला?"

मग मी त्यांच्याबरोबर वळले, आणि आम्ही दोघं ती रेघ गाठायला धावत निघालो.